घर आणि उद्योग : गिऱ्हाइकाच्या तोंडचा शब्द

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका भगिनीचे पत्र गेल्या महिन्यात आमच्याकडे आले. पत्र साधेच होते. परंतु त्यातील प्रश्न केवळ त्यांच्या एकटीचा नाही, म्हणून या वेळचे पान त्या प्रश्नासाठीच राखून ठेवले आहे.

त्या लिहितात, की घरामागे रातांब्याची जुनी झाडे आहेत. उन्हाळ्यात फळे उतरावयाची, फोडावयाची, साले त्यांच्याच रसात पुनःपुन्हा भिजवून उन्हात वाळवावयाची, आणि रसात मीठ घालून तो आगळ म्हणून बाटल्यांत भरावयाचा, हा उद्योग सासूबाईंपासून चालत आलेला. आजवर माल आठवड्याच्या बाजारात खपे. थोरल्या मुलाला नोकरी लागली तेव्हा त्याने हौसेने दुकानाचे संकेतस्थळ उघडून दिले. त्याला आता सात महिने झाले. या सात महिन्यांत ज्या मागण्या आल्या त्या सर्व नातेवाइकांच्या! आता एक गृहस्थ दूरध्वनीवरून सांगत आहेत, की आम्ही निवडक शोधशब्द घालून तुमचे दुकान महिन्याभरात गूगलवर पहिल्या क्रमांकाला आणून देतो. पैसे मात्र आगाऊ द्यावे लागतील. घरात पैसे आहेत, पण ते पावसाळ्यापूर्वी वाळवणाच्या खळ्यावर पत्रे घालण्यासाठी बाजूला काढलेले. हे पैसे त्या गृहस्थांना द्यावेत, की पत्रे घालावेत, असा त्यांचा प्रश्न आहे.

उत्तर देण्यापूर्वी आम्ही त्यांचे संकेतस्थळ उघडून पाहिले. छायाचित्रे सुरेख होती. मथळा मोठ्या अक्षरांत होता : ‘प्रीमियम दर्जाची, निर्यातक्षम, नैसर्गिक गार्सिनिया इंडिका उत्पादने’. त्याखाली परंपरा, शुद्धता आणि निष्ठा यांविषयी तीन परिच्छेद होते. सबंध पानावर ‘आमसूल’ हा शब्द आम्हाला एकदाही आढळला नाही. ‘आगळ’ हा शब्द होता, पण तो बाटलीवरच्या चिठ्ठीत, म्हणजे केवळ छायाचित्रात.

वाचकहो, आता क्षणभर आपणच गिऱ्हाईक व्हा. आपण इंदूरला किंवा बडोद्याला राहता. आमटी चुलीवर आहे, डब्यातली आमसुले संपली आहेत, आणि पुढच्या खेपेला ती घरबसल्या कोकणातूनच मागवावी असे आपल्या मनात येते. आपण हातातल्या फोनवर कोणता शब्द लिहाल? ‘निर्यातक्षम गार्सिनिया इंडिका’ असे आपल्यापैकी एक तरी गृहिणी लिहील काय? आपण ‘आमसूल’ लिहाल, ‘कोकम’ लिहाल, फार तर ‘कोकणातील घरगुती आमसूल’ असे लिहाल. दुकान तेथे आहे, माल तेथे आहे, गिऱ्हाईकही दारापर्यंत आले आहे. परंतु पाटी त्याला न समजणाऱ्या भाषेत आहे. सात महिन्यांच्या शुकशुकाटाचे एक मोठे कारण येथेच आहे, असे आम्हास वाटते.

हा प्रश्न तसा नवा नाही. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. प्रत्येक वाचकाला त्याला हवे ते पुस्तक मिळाले पाहिजे, आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, असा त्यांतील दोन नियमांचा आशय आहे. हे घडून यावयाचे तर वाचक कोणत्या नावाने विषय विचारील, याचा विचार सूची करणाऱ्याने आधी केला पाहिजे. शोधयंत्राचे कामही पुष्कळसे असेच चालते. त्याची आज्ञावली एका पानावरून दुसऱ्या पानावर जात राहते, तेथील मजकूर वाचते, आणि ग्रंथाच्या शेवटी शब्दसूची असते तशी एक अवाढव्य सूची तयार ठेवते. आपण शब्द लिहिला, की त्या सूचीतून जुळणारी पाने निवडली जातात. आणि मजकूर प्रश्नाशी किती जुळतो, इतर पानांनी त्या पानाकडे बोट दाखविले आहे काय, विचारणारा कोणत्या गावी आहे, अशा अनेक गोष्टी पाहून त्यांचा क्रम लावला जातो. शोधयंत्राला आता समानार्थी शब्द पुष्कळ कळू लागले आहेत. तरीही जी वस्तू दुकानदाराने लोकांच्या शब्दांत सांगितलीच नाही, ती त्याने ओळखून काढावी, ही अपेक्षा भाबडी आहे.

फोनवरील त्या गृहस्थांचे ‘शब्द घालणे’ म्हणजे काय, हेही समजून घ्यावयास हवे. एके काळी पानाच्या आड, वाचकाला न दिसणाऱ्या जागी, शोधशब्दांची माळ लिहून ठेवण्याची पद्धत होती. तिचा इतका दुरुपयोग झाला, की क्रम लावताना आपण ती माळ मुळीच विचारात घेत नाही, असे गूगलने २००९ साली जाहीर सांगून टाकले. एकच शब्द पानावर वीस-पंचवीस वेळा कोंबण्याची दुसरी युक्ती होती. २०१२ साली गूगलने आपल्या नियमांत जे बदल केले, त्यांनी अशी पाने खाली ढकलली. २०१९ पासून तर वाक्यातील शब्दांचा परस्परसंबंध लक्षात घेऊन प्रश्नाचा अर्थ लावण्याकडे शोधयंत्राचा कल वाढला आहे. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, हे गूगल स्वतःच आपल्या मार्गदर्शनात सांगते. जो अशी हमी देतो, तो जे आपल्या हाती नाही तेच विकतो आहे.

मग करावयाचे काय? आमची पहिली सूचना अगदी बिनखर्ची आहे. एक वही घ्यावी. पंधरा दिवस, बाजारात, दूरध्वनीवर किंवा व्हॉट्सॲपवर जो जो कोणी माल विचारील, त्याचे शब्द जसेच्या तसे त्या वहीत उतरवावेत. त्यांची भाषा सुधारू नये. ‘सोलकढीला लागतं ते आगळ आहे का?’, ‘बिनसाखरेचं कोकम मिळेल का?’, ‘पुण्याला पाठवता का?’ अशी वाक्ये आली, तर ती तशीच राहू द्यावीत. पैसे देऊन आणलेल्या तज्ज्ञाच्या यादीपेक्षा ही वही पुष्कळदा अधिक मोलाची ठरते. कारण ती प्रत्यक्ष गिऱ्हाइकाच्या मुखातून उतरलेली असते. रोज विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांपैकी सुमारे १५ टक्के पूर्वी कधीच कोणी विचारलेले नसतात, असे गूगल अनेक वर्षे सांगत आले आहे. लोक बोलतात तसे लिहितात, आणि बोलणे कोणत्याही यादीत पुरते मावत नाही.

दुसरी पायरी प्रांताप्रांतांतील नावांची. आपला देश मोठा, आणि वस्तूंना नावेही अनेक. कोकणात ज्या फळाला रातांबा म्हणतात, त्यालाच गोव्याकडे भिरंड म्हणतात. वाळलेल्या सालीला कोठे आमसूल, कोठे सोलां, कोठे नुसते कोकम. कर्नाटकाच्या किनाऱ्यावर मुरुगलु आणि पुनर्पुळी ही नावे ऐकू येतात. गुजराती घरांत डाळीला आंबटपणा आणण्यासाठी कोकमच विचारले जाते. ही नावे एका सरळ वाक्यात पानावर यावीत : ‘आमसूल म्हणजेच कोकमाची वाळवलेली साल, गोव्यात हिला सोलां म्हणतात.’ वाचणाऱ्याला त्याने ज्ञान होते, आणि शोधणाऱ्याला वाटही सापडते. मराठी शब्द रोमन लिपीत लिहून शोधणारेही पुष्कळ असतात, आणि त्यांचे लेखन एकसारखे नसते. ‘कोकम’च्या शेवटच्या अक्षरात कोणी ‘ए’ घालतो, कोणी ‘यू’. यांतील रूढ रूपे मजकुरात एखाद्या ठिकाणी सहज आली तर चांगलेच. प्रत्येक चुकीसाठी निराळे पान करण्याची मात्र गरज नाही.

येथे एक सावधगिरीही हवी. केरळात माशाच्या कालवणात जी कुडमपुळी घालतात, ती कोकमाची चुलत बहीण खरी. पण ती कोकम नव्हे. झाड निराळे, फळ निराळे, चवही निराळी. ‘हाही शब्द घालून ठेवू, चार गिऱ्हाइके अधिक येतील,’ असा मोह झाला, तर येणारे गिऱ्हाईक निराळीच वस्तू शोधत आलेले असेल. ते एक तर रिकाम्या हाताने परत जाईल, किंवा चुकीचा माल घेऊन रागावेल. चुकीच्या शब्दाने आलेली गर्दी ही गर्दी नसून तक्रारींची रांग होय.

तिसरी पायरी म्हणजे विचारणाऱ्याचा हेतू ओळखणे. आंद्रेई ब्रोडर या संगणकशास्त्रज्ञांनी २००२ साली शोधांचे तीन वर्ग सांगितले : कोणाला काही जाणून घ्यावयाचे असते, कोणाला एका ठरावीक ठिकाणी जावयाचे असते, आणि कोणाला एखादे काम उरकावयाचे असते, खरेदी हे त्यांपैकीच एक. नुसता ‘कोकम’ हा शब्द लिहिणाऱ्याला नेमके काय हवे? त्याला रोप हवे असेल, सोलकढीची कृती हवी असेल, बियांचे घट्ट तेल हवे असेल, किंवा शाळकरी मुलाला झाडाची माहिती हवी असेल. ‘सोलकढीसाठी आगळ एक लिटर’ असे लिहिणाऱ्याच्या मनात मात्र संदेह उरलेला नाही. त्याच्या हातात पिशवी आहे, असे समजावे.

यातूनच चौथी गोष्ट निघते. लहान दुकानाने रुंद शब्दाच्या मागे धावू नये. अरुंद पण नेमका शब्द धरावा. कॅरेन स्पार्क जोन्स या विदुषींनी १९७२ साली दाखवून दिले, की जो शब्द सर्वच कागदपत्रांत येतो त्याचे शोधातील वजन कमी धरावे, आणि जो थोड्याच ठिकाणी येतो त्याचे अधिक. शोधशास्त्राच्या पायाभूत विचारांत आजही या कल्पनेला स्थान आहे. ‘कोकम सरबत’ या शब्दासाठी मोठमोठे कारखाने आणि बाजारपेठा स्पर्धेत उतरलेल्या असतात. ‘साखर न घातलेले मिठाचे कोकम आगळ’ विचारणारे थोडे असतील. परंतु त्यांना देण्यासारखा माल आपल्या या भगिनीजवळ नेमका आहे. अशा थोड्याथोड्या मागण्यांची बेरीज केवढी मोठी होते, हे ख्रिस अँडरसन यांनी २००४ साली ‘लांब शेपटी’ची उपमा देऊन सांगितले होते. आपल्याकडच्या वाण्याला ते पूर्वीपासून ठाऊक आहे. त्याच्या फळीवर तांदूळही असतो, आणि वर्षातून दोनदा लागणारे जायफळही असते.

शब्दांची यादी झाली, की ती पारखून घ्यावी. प्रत्येक शब्द स्वतः लिहून पाहावा आणि पहिल्या पानावर काय येते ते निरखावे. सर्व पाककृतीच येत असतील, तर तो शब्द खरेदीचा नव्हे, असे समजावे. शब्द अर्धा लिहिला असता यंत्र जी पुढची वाक्ये सुचविते, तीही वहीत उतरवावीत. गूगल ट्रेंड्स हे साधन विनामूल्य आहे. दोन शब्दांपैकी कोणता अधिक विचारला जातो, कोणत्या राज्यात, वर्षाच्या कोणत्या महिन्यांत, हे त्यावरून ताडून पाहता येते. त्यातील आकडे प्रत्यक्ष संख्या नसून शून्य ते शंभर अशा तुलनेचे असतात, एवढे ध्यानात ठेवावे. सरबताची तहान उन्हाळ्यात लागते. म्हणून सरबताचे पान चैत्रात लिहावयास बसू नये, ते हिवाळ्यातच तयार असावे.

पाचवी पायरी मांडणीची. एका पानावर एकच वस्तू असावी. आमसुलाचे पान निराळे, आगळाचे निराळे, साखरेच्या पाकातील अमृतकोकमाचे निराळे. आगळ खारट असते आणि अमृतकोकम गोड. दोन्ही एकाच पानावर ‘कोकम पेय’ म्हणून दाखविली, तर सरबताच्या आशेने आगळ मागविणाऱ्याच्या घरी पहिल्या घोटालाच रुसवा व्हावयाचा! पानाच्या मथळ्यात वस्तूचे लोकांच्या तोंडचे नाव यावे. पहिल्या दोन वाक्यांत ती वस्तू काय आहे, कशासाठी वापरतात, किती वजनाची आहे आणि कोठून येते, हे सांगावे. छायाचित्राला शब्दांत वर्णन जोडावे, कारण चिठ्ठीवरची अक्षरे यंत्राला वाचता येतीलच असा भरवसा नाही. त्यानंतर वहीतील प्रश्न आणि त्यांची खरी उत्तरे लिहावीत : किती दिवस टिकते, मीठ किती, पार्सल फुटले तर काय करता. मजकूर लिहून झाला, की तो मोठ्याने वाचून पाहावा. शेजारणीला सांगताना आपण जसे बोललो असतो तसा तो वाटला, तर शब्द बरोबर पडले. जीभ अडखळली, तर कोठेतरी शब्द कोंबला गेला आहे.

यानंतर धीर धरावा. नव्या पानाचा परिणाम दिसावयास काही महिनेही लागतात. तोवर गूगल सर्च कन्सोल हे विनामूल्य साधन जोडून ठेवावे. आपले पान कोणत्या शब्दांसाठी किती वेळा दाखविले गेले आणि त्यांतून किती जण आत आले, हे त्यात दिसते. पुष्कळदा दाखविले गेले, पण आत कोणी आले नाही, तर मथळा नीट नाही असे समजून तो बदलून पाहावा. ज्या शब्दाचा आपण विचारही केला नव्हता अशा शब्दाने चार जण येऊ लागले, तर त्या शब्दाला न्याय देणारे एक पान लिहावे. रातांब्याचे झाड लावल्यावर जसे रोज उकरून मूळ पाहत नाहीत, तसे येथेही रोज क्रमांक पाहून जीव टांगणीला लावू नये. महिन्यातून एकदा पाहिले तरी पुरे.

एक मोह मात्र आवर्जून टाळावा. त्या गृहस्थांनी या भगिनींना ‘वजन कमी करणारे कोकम’ हे शब्द सुचविले आहेत, कारण ‘ते फार लोक शोधतात.’ फार लोक शोधतात हे खरे असेलही. परंतु जी गोष्ट आपण छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही, ती केवळ लोक शोधतात म्हणून पानावर लिहावी काय? खाद्यपदार्थांविषयी दिशाभूल करणारी जाहिरात करण्यास २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने मनाई आहे, हे तर झालेच. त्याहून मोठी गोष्ट अशी, की आजवर सासूबाईंच्या हातच्या आमसुलावर बाजाराने विश्वास टाकला, तो त्या कधी खोटे बोलल्या नाहीत म्हणून. तो विश्वास एका शब्दाच्या लोभाने गमावला, तर कोणताही क्रमांक तो परत आणून देणार नाही.

हे सारे केवळ आमसुलापुरते नाही. ‘गृहोपयोगी उपकरण सेवा’ असे लिहिणाऱ्या कारागिराने ‘मिक्सर दुरुस्ती’ लिहून पाहावे. शेजारी आपल्या भागाचे नाव लिहावे. ‘पारंपरिक भोजन व्यवस्था’ म्हणणाऱ्या भगिनींनी ‘मराठी जेवणाचा डबा’ असे म्हणून पाहावे. शिवणवर्ग, गाण्याची शिकवणी, खानावळ, ज्यांचे गिऱ्हाईक गावातलेच आहे, त्यांनी गूगलच्या नकाशावर आपल्या व्यवसायाची नोंद विनामूल्य करून घ्यावी. तेथेही नियम तोच : आपण स्वतःला काय म्हणवून घेऊ इच्छितो हे दुय्यम, लोक आपल्याला कोणत्या नावाने हाका मारतात, ते आधी. २०२४ पासून शोधयंत्रे पानांची यादी दाखविण्याआधी स्वतःच उत्तराचा सारांश देऊ लागली आहेत, आणि पुढेही साधने बदलत राहतील. ज्याला आमसूल हवे तो आमसूलच मागणार, यात मात्र बदल व्हावयाचा नाही.

आता त्या भगिनींच्या प्रश्नाचे उत्तर. ताई, पैसे त्या गृहस्थांना देऊ नका. खळ्यावर पत्रे आधी घाला; कारण शब्द कितीही चांगले निवडले, तरी अवेळीच्या सरीत भिजलेले आमसूल कोणी दुसऱ्यांदा मागविणार नाही. चिरंजीवांनी संकेतस्थळ प्रेमाने केले आहे. ते बंद करू नका. सुट्टीत घरी आले, म्हणजे ही वही त्यांच्यापुढे ठेवा आणि दोघे मिळून तीन पाने नव्याने लिहा. मथळ्यातील ‘निर्यातक्षम’ पुसून तेथे ‘घरचे आमसूल’ असे लिहिताना त्यांना कदाचित ते फार साधे वाटेल. तरी ते तसेच लिहू द्या.

आणि वाचकहो, परप्रांतात राहून कोकणातले काही मागविण्याची इच्छा आपणास पुढच्या खेपेला होईल, तेव्हा आपण फोनवर कोणता शब्द लिहिला, तो आम्हास एका ओळीत अवश्य कळवावा. आलेले शब्द आम्ही या भगिनींच्या वहीसाठी पाठवून देऊ.